तिसऱ्यासाठी जागा: ‘या ल्युब्ल्यू तेब्या’ या रशियन चित्रपटाविषयी

मॉस्कोत २००४ साली एक छोटा चित्रपट आला. नाव ‘या ल्युब्ल्यू तेब्या’, म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’. ओल्गा स्तोल्पोव्स्काया आणि द्मित्री त्रोइत्स्की या दोघांनी मिळून तो दिग्दर्शित केला. गोष्ट तीन माणसांची आहे. वेरा टीव्हीवर बातम्या वाचते, तिमोफेय जाहिरातीच्या धंद्यात आहे. दोघंही तरुण, कमावते, नव्या मॉस्कोचे रहिवासी. त्यांचं प्रेम जमतं, आणि इथपर्यंत कुठल्याही रोमँटिक कॉमेडीत शोभावं असंच सगळं चाललेलं असतं. मग काल्मिकियाच्या गवताळ प्रदेशातून आलेला, प्राणिसंग्रहालयात मजुरी करणारा उलूमजी नावाचा पोरगा तिमोफेयच्या गाडीवर येऊन आदळतो. तिमोफेय त्याला घरी घेऊन येतो, आणि त्याच्याही प्रेमात पडतो.

‘त्याच्याही’ मधला ‘ही’ वाचकाने सोडू नये. उलूमजी आला म्हणून तिमोफेयचं वेरावरचं प्रेम आटत नाही, की ते मुळात खोटं होतं असाही शोध लागत नाही. हा माणूस इतकी वर्षं स्वतःला फसवत होता आणि आता त्याला आपण कोण ते कळलं, अशी ही कथा नाही. त्याचं दोघांवर प्रेम आहे, दोन्ही प्रेमं खरी आहेत, आणि आता तिघांनी काय करायचं, एवढाच चित्रपटाचा प्रश्न आहे. माझ्या मते या चित्रपटाचं सगळं धाडस या साध्या मांडणीत आहे. उभयलैंगिक माणसाला समाज सतत एकच विचारतो: तू नक्की कुठला? इकडचा की तिकडचा? चित्रपटांनीही त्याला बहुतेक वेळा हेच विचारलं आणि शेवटच्या रिळापर्यंत उत्तर काढून घेतलं. स्तोल्पोव्स्काया आणि त्रोइत्स्की तो प्रश्नच विचारत नाहीत.

आणि हे सगळं विनोदी चित्रपटात घडतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. शोकांतिकेत वेगळ्या प्रेमाला जागा मिळणं तुलनेनं सोपं असतं, कारण तिथे शेवटी कुणीतरी मरतं, कुणीतरी निघून जातं आणि प्रेक्षक हळहळत घरी जातो. त्याच्या घराची मांडणी जिथल्या तिथे राहते. आपल्याकडे विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहिलं, फार आधी आणि फार धैर्यानं लिहिलं. पण त्यातल्या मित्रा या नायिकेला जगू द्यायला तेव्हाची रंगभूमी तयार नव्हती. सुखान्तिकेचा करार वेगळा असतो. तिच्यात पात्रांना शेवटी एकत्र राहायचं असतं, एका टेबलाशी बसून जेवायचं असतं, आणि प्रेक्षकाला त्या टेबलाशी बसायला राजी व्हावं लागतं. म्हणून समाजाला न रुचणारं नातं सुखान्तिकेत मांडणं जास्त अवघड आहे.

रशियन प्रेक्षकाला स्त्री-पुरुषांच्या अदलाबदलीवर हसायची सवय नव्हती असं मात्र मुळीच नाही. बिली वाइल्डरचा ‘सम लाइक इट हॉट’ १९६६ मध्ये सोव्हिएत चित्रपटगृहांत वेगळ्या नावानं लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. १९७५ मध्ये विक्तोर तितोव यांनी ‘नमस्कार, मी तुमची मावशी’ अशा अर्थाच्या नावाचा टीव्ही चित्रपट केला. त्यात अलेक्सांद्र काल्यागिन लुगडी-दागिन्यांच्या रशियन अवतारात असा काही वावरला, की ते काम आजही लोकांच्या तोंडी आहे. मराठी वाचकाला ही मावशी चांगली ठाऊक आहे. ब्रँडन थॉमसच्या ज्या ‘चार्लीज आंट’वरून आचार्य अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ केलं, त्याच नाटकावरून ही रशियन मावशीही आली. दोन्ही देशांनी पोट धरून हसून घेतलं. पण ते हसू वेषाचं होतं. पदर सरकला, विग निघाला की पुरुष पुन्हा पुरुष होतो, त्याला एक नायिका मिळते आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. ‘या ल्युब्ल्यू तेब्या’त कुणी वेष घातलेला नाही, त्यामुळे उतरवायलाही काही नाही. हसू येतं ते तीन माणसांच्या गोंधळाचं, संकोचाचं, मत्सराचं. प्रेमात पडलेल्या कुणाचंही येईल तसं.

आता ‘तिसऱ्या’कडे वळू. हा चित्रपट पश्चिमेची नक्कल म्हणून बाजूला सारणारे लोक रशियात भेटतात आणि रशियाबाहेरही भेटतात. त्यांना रशियन साहित्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १८६३ साली निकोलाय चेर्निशेव्स्कीची ‘काय करावे?’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्याने पीटर्सबर्गच्या पेत्रोपाव्लोव्स्क किल्ल्यात कैदेत असताना लिहिली होती. तिची नायिकाही वेरा, वेरा पावलोव्ना. घरच्या जाचातून तिला सोडवण्यासाठी लोपुखोव तिच्याशी लग्न करतो. पुढे तिचं मन लोपुखोवचा मित्र किर्सानोव याच्यावर जडतं. लोपुखोव भांडत नाही, अब्रूचा विषय करत नाही. आत्महत्येचा देखावा रचून तो देशाबाहेर जातो, अमेरिकेत राहतो, वेगळं नाव घेऊन परततो, दुसरीशी लग्न करतो, आणि शेवटी ही दोन जोडपी शेजारी शेजारी स्नेहानं राहतात. रशियातल्या क्रांतिकारकांच्या कित्येक पिढ्यांनी ही कादंबरी आचारसंहितेसारखी वाचली. प्रेमात मालकी नसते, हा विचार तिने त्यांच्या मनात पेरला. २००४ मधल्या नायिकेचं नाव मुद्दाम वेरा ठेवलं की योगायोगानं, यावर माझा हट्ट नाही. पण रशियन प्रेक्षकाच्या कानात ते नाव रिकामं पडत नाही.

मग विसावं शतक. कवी मायाकोव्स्की १९१५ मध्ये लिली ब्रिक आणि तिचा नवरा ओसिप यांना भेटला. त्यानंतर या तिघांची आयुष्यं एकमेकांत गुंतली ती मायाकोव्स्कीच्या १९३० मधल्या आत्महत्येपर्यंत. ओसिपने त्याची कविता स्वतःच्या पैशानं छापली, लिलीवर मायाकोव्स्कीने आयुष्यभर लिहिलं, आणि १९२६ पासून गेंद्रिकोव गल्लीतल्या छोट्या घरात तिघांचा एकत्र संसार होता. त्यात सुख होतं तसा छळही होता. मायाकोव्स्कीची पत्रं वाचणाऱ्याला ते सांगावं लागत नाही.

याच वर्तुळात वावरणारा समीक्षक विक्तोर श्क्लोव्स्की आणि दिग्दर्शक अब्राम रोम यांनी १९२७ मध्ये एक मूकपट केला: ‘त्रेत्या मेश्चान्स्काया’, म्हणजे मॉस्कोतल्या एका रस्त्याचं नाव. माझ्या मते जगातल्या मूकपटांत मानवी नात्यांविषयी इतकं शहाणं काम फार थोडं आहे. कोल्या आणि ल्युदा हे जोडपं अर्ध्या तळघरातल्या एका खोलीत राहतं. कोल्या बांधकामावर आहे. बल्शोई थिएटरच्या छपरावर, त्या प्रसिद्ध चार घोड्यांच्या पुतळ्यापाशी तो ऐटीत डबा खातो, खाली सगळं मॉस्को पसरलेलं. त्याचा जुना मित्र वोलोद्या छापखान्यात काम करायला शहरात येतो. मॉस्कोत तेव्हा जागेची भयंकर टंचाई. कोल्या म्हणतो, आमच्याकडे सोफा आहे, तिथे झोप. कोल्या कामासाठी परगावी जातो आणि मित्र नवऱ्याच्या पलंगावर पोचतो. नवरा परततो, संतापतो, बाहेर पडतो. पण राहायला कुठेच जागा नाही म्हणून परत येतो आणि स्वतःच्याच घरात सोफ्यावर झोपतो. दोघे मित्र पटावर सोंगट्या खेळत बसतात, चहा पितात. ल्युदा दोघांची कपडे-भांडी करत राहते. तिला दिवस जातात तेव्हा दोघंही एकमतानं गर्भपाताला सांगतात, कारण मूल नेमकं कुणाचं हे ठरवता येत नाही. गर्भपात त्या वेळी सोव्हिएत देशात कायदेशीर होता. ल्युदा दवाखान्यात जाते, खिडकीतून खाली एक तान्हं मूल दिसतं, आणि ती उठून चालू लागते. दोघांसाठी चिठ्ठी ठेवून ती आगगाडीनं मॉस्को सोडते. पात्रांची नावं नटांच्याच नावांवरून ठेवलेली: निकोलाय बतालोव, ल्युदमिला सेम्योनोवा, व्लादिमिर फोगेल. त्यामुळे आपण कुणाच्या तरी खऱ्या खोलीत डोकावतो आहोत असं सतत वाटत राहतं.

या परंपरेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते: तिसरं माणूस निघून जातं. लोपुखोव अमेरिकेला जातो, ल्युदा गाडीत बसते. सोव्हिएत विनोदी चित्रपटांनीही तोच मार्ग धरला. एल्दार रियाझानोवचा ‘नियतीची चेष्टा’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट १९७६ च्या पहिल्या दिवशी टीव्हीवर लागला आणि तेव्हापासून रशियात नववर्षाला तो घरोघर पाहिला जातो. त्यात नायकाची वाग्दत्त वधू आणि नायिकेचा होऊ घातलेला नवरा, दोघंही शेवटी बाजूला होतात, तेव्हा कुठे जोडी जुळते. गियोर्गी दानेलियाचा ‘शरदातली मॅरेथॉन’ (१९७९) जास्त प्रामाणिक आहे. त्यातला अनुवादक बायको आणि प्रेयसी यांच्यात धावत राहतो, कुणालाच सोडू शकत नाही, आणि तिघांच्याही वाट्याला दुःखच येतं. ‘या ल्युब्ल्यू तेब्या’ या ओळीत उभा राहून विचारतो: तिसऱ्याने गेलंच पाहिजे का? उत्तर काय मिळतं ते इथे सांगत नाही, प्रेक्षकाने स्वतः पाहावं.

या परंपरेत आणखी एक धागा आहे. तो रशियात जाणूनबुजून झाकला गेला, म्हणून त्याची नोंद इथे करायलाच हवी. क्रांतीपूर्व रुपेरी युगातल्या कवींमध्ये स्त्री-पुरुष दोघांवर प्रेम करणारी माणसं होती आणि त्यांनी त्याविषयी लिहिलंही. मरीना त्स्वेतायेवाचं लग्न सेर्गेय एफ्रोनशी झालेलं, मुलगी लहान, आणि १९१४ मध्ये ती कवयित्री सोफिया पार्नोकच्या प्रेमात पडली. त्या नात्यावर तिने ‘मैत्रीण’ अशा अर्थाच्या नावाची कवितामालिका रचली. ती तिच्या हयातीत छापली गेली नाही. एफ्रोनवरचं तिचं प्रेमही तेवढंच खरं होतं, आणि पुढे त्याच्यामागे ती परदेशी गेली, परतलीही. मिखाईल कुझ्मीनने १९०६ मध्ये ‘पंख’ ही कादंबरी उघडपणे प्रसिद्ध केली. तिच्यात पुरुषांमधलं प्रेम पापासारखं नव्हे, आनंदासारखं आलं होतं. पुढे लेनिनग्राडमध्ये कुझ्मीनचा जोडीदार युरी युर्कुन होता, आणि चित्रकार-अभिनेत्री ओल्गा अर्बेनिना युर्कुनवरच्या प्रेमामुळे त्या घराशी जोडली गेली. हेही तिघांचंच घर. कुझ्मीन १९३६ मध्ये वारला, युर्कुनला १९३८ मध्ये गोळी घातली गेली.

क्रांतीनंतरच्या १९२२ च्या फौजदारी संहितेत समलैंगिक संबंधांवरचा झारकालीन गुन्हा राहिला नव्हता. स्तालिनच्या राजवटीत १९३४ मध्ये पुरुषांसाठी तो परत आला, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेसह. पुढे याच कलमाला १२१ हा क्रमांक मिळाला. दिग्दर्शक सेर्गेय पराजानोवला १९७३ च्या अखेरीस अटक झाली, तेव्हा त्याच्यावरच्या आरोपांत हाही होता. चार वर्षं त्याने छावण्यांत काढली. ज्याने ‘डाळिंबाचा रंग’ दिला त्या माणसाची ती चार वर्षं जगाच्या चित्रकलेची, चित्रपटकलेची चोरीला गेली, असं मला मनापासून वाटतं. त्याच्या थोडं आधी, १९७० मध्ये, चायकोव्स्कीवर मोठा सरकारी चरित्रपट निघाला. स्मोक्तुनोव्स्कीसारखा थोर नट त्यात होता, आणि संगीतकाराची समलैंगिकता त्यात कुठेच नव्हती.

कलम १२१ येल्त्सिनच्या काळात, १९९३ मध्ये रद्द झालं. म्हणजे आपला चित्रपट आला तेव्हा त्याला अकरा वर्षं झाली होती. ही मधली वर्षं समजून घेतली की चित्रपटाचा सूर कळतो. मॉस्कोत पैसा खेळू लागला होता, रस्तोरस्ती होर्डिंगं लागली होती, टीव्ही हाच नवा चौक झाला होता. तातू नावाच्या दोन मुलींच्या गटाने आपण प्रेयसी असल्याचा देखावा विकला आणि २००३ च्या युरोव्हिजनमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. पण तो बाजाराचा माल होता. दोन मुलींचं चुंबन पोस्टरवर चालत होतं, घरात दोन पुरुषांनी संसार मांडणं चालत नव्हतं. अशा शहरात वेराला बातम्या वाचायला आणि तिमोफेयला जाहिरातीत बसवणं हा नेमका निर्णय आहे. जगाला रोज काय घडलं आणि काय हवंसं वाटावं ते सांगणारी ही दोन माणसं, आणि स्वतःच्या घरात काय घडतंय याला दोघांकडे शब्द नाहीत.

ल्युबोव तोल्कालिनाची वेरा हा या चित्रपटाचा कणा आहे. अशा गोष्टींत बाईला सहसा एकच काम असतं: कळणं, रडणं आणि दार आपटून जाणं. तोल्कालिना वेराला राग देते, अपमान देते आणि त्याबरोबर कुतूहलही देते. उलूमजी तिला आधी संकट वाटतो, मग माणूस दिसू लागतो. हे वळण तिच्या चेहऱ्यावर घडतं, संवादात नाही. येवगेनी कोर्याकोव्स्कीचा तिमोफेय मला थोडा फिका वाटतो. दोघांच्या ओढीत सापडलेला माणूस म्हणून तो पटतो, पण स्वतःची इच्छा बोलून दाखवायची वेळ येते तेव्हा तो मागे सरकतो.

मराठी वाचकाला इथे सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ आठवेल. पुण्यातल्या घरात भाड्यानं राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण. तिथेही दोघांवर प्रेम करणारा माणूस मधोमध आहे, पण कादंबरी सुरू होते तीच तो निघून गेल्यावर. तनय आणि अनुजा दोघंही उरलेल्या पोकळीशी बोलतात, आणि तो स्वतः कधीच बोलत नाही. मॉस्कोच्या गोष्टीत मधला माणूस खोलीतच आहे, त्याला उत्तर द्यावं लागतं. दोन्ही पाठोपाठ वाचावं, पाहावं असं मी सुचवेन, कारण एकाच कोड्याकडे दोन टोकांनी पाहता येतं.

आता उलूमजीविषयी. दामीर बद्मायेव या तरुणाने ते काम मोठ्या गोडव्यानं केलं आहे. पण चित्रपटावरचा माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. काल्मिक हे मंगोलवंशीय, बौद्धधर्मी लोक. सतराव्या शतकात ते पूर्वेकडून व्होल्गेच्या खालच्या खोऱ्यात आले. डिसेंबर १९४३ मध्ये स्तालिनने ही सबंध जमात गुराढोरांच्या वाघिणींत कोंबून सायबेरियात हद्दपार केली. परतायची परवानगी १९५७ मध्ये मिळाली, तोवर असंख्य माणसं थंडी-उपासमारीनं गेलेली. उलूमजीच्या आजी-आजोबांच्या पिढीवर हे गुदरलेलं असणार. चित्रपटाला मात्र त्याच्यात दिसतो तो प्राण्यांशी बोलणारा, निष्पाप, निसर्गाचा मुलगा. शहरी जोडप्याला जे हरवलंय ते त्याच्याकडे आहे, म्हणून तो हवासा. ही नजर मॉस्कोची आहे. मजुरीसाठी राजधानीत आलेल्या, आशियाई चेहऱ्याच्या तरुणाला त्या वर्षांत रस्त्यावर पोलीस पदोपदी हटकत, कागदपत्रं मागत. ती भीती कॅमेऱ्याच्या कडेला राहिली आहे. उलूमजीचे नातेवाईक मध्ये पडतात तिथे चित्रपटाला संधी होती. त्यांच्या बाजूनं पाहिलं असतं तर ही गोष्ट आणखी खोल गेली असती.

तरीही २००४ हे वर्ष लक्षात ठेवून हा चित्रपट पाहावा, असा माझा आग्रह आहे. त्याच वर्षी ‘नाइट वॉच’ने रशियात गल्ल्याचे विक्रम मोडले आणि चित्रपटउद्योग राक्षसी खर्चाच्या वाटेनं निघाला. छोट्या, लाडक्या, वेडगळ चित्रपटांसाठी फट अरुंद होत गेली. मग कायद्याने ती बंद केली. जून २०१३ मध्ये अल्पवयीनांसमोर ‘अपारंपरिक लैंगिक संबंधांच्या प्रचारा’वर बंदी आली. डिसेंबर २०२२ मध्ये ती सर्व वयांना लागू झाली, पुस्तकं आणि चित्रपटही तिच्या कक्षेत आले. कतेरीना सिल्वानोवा आणि येलेना मालिसोवा यांची दोन मुलांच्या प्रेमाची कादंबरी तरुणांनी भरभरून वाचली होती. ती दुकानांतून गेली, आणि दोघी लेखिकांवर ‘परकीय हस्तक’ असा सरकारी शिक्का बसला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशी नोंदलेली संघटना अस्तित्वात नाही, त्यामुळे या निकालाच्या जाळ्यात कुणालाही ओढता येतं. वेरा, तिमोफेय आणि उलूमजी यांची गोष्ट आज मॉस्कोत नव्यानं चित्रित करणं शक्य नाही. ज्या स्वातंत्र्याच्या वर्षांनी ती घडवली, त्या वर्षांचा हा चित्रपट आता एक दस्तऐवजही झाला आहे.

पाहणाऱ्यांना एक सुचवतो. जमलं तर आदल्या संध्याकाळी रोमचा १९२७ चा मूकपट पाहावा आणि दुसऱ्या दिवशी हा. पहिल्यात एका खोलीत पलंग आणि सोफा यांच्यामधलं अंतर कॅमेरा कसं मोजतो ते पाहावं. दुसऱ्यात तिमोफेयच्या प्रशस्त घरात, जिथे जागेची काही टंचाई नाही, तिथे कोण कुठे बसतं, कोण उभं राहतं आणि उलूमजी आपल्या वस्तू कुठे ठेवतो, तिकडे लक्ष ठेवावं.